टॉर्च धरणारी

नागपुरात सक्करदऱ्याला आमचं घर आणि बाबांचं गॅरेज एकाच पत्र्याखाली होतं. रस्त्याला लागून गिऱ्हाइकांसाठी बाकडं, त्यामागे ट्रकवर टाकतात तशी जाड ताडपत्री टांगलेली, ताडपत्रीच्या आत एक गाडी कशीबशी उभी राहील एवढी जागा, आणि त्या जागेतून थेट आईच्या स्वयंपाकघरात उघडणारं दार. त्यामुळे आमच्या भाताला ऑइलचा वास यायचा आणि लोकांच्या गाड्यांना फोडणीचा. आई गोळाभात करायची त्या दिवशी भातावर कडकडीत तेलाची धार पडली की चर्र आवाज यायचा आणि बाहेर बाकड्यावर बसलेली माणसं बोलायची थांबायची. काही जण तर गाडी दुरुस्त झाल्यावरही उगाच रेंगाळायचे. आई त्यांना ताट वाढायची आणि म्हणायची, "गाडी थंड झाली ना, आता पोटात गरम पडू द्या." बाबांना ते आवडायचं नाही, पण आईला थांबवायची त्यांची छाती नव्हती.

बाबा गाड्यांचे एसी दुरुस्त करायचे. त्यांचे भाऊ काटोलकडे शेती करत होते, आजही त्यांची मुलं करतात. बाबा मात्र लहानपणीच नागपुरात आले, फ्रिजच्या दुकानात शिकले, आणि एसीच्या गाड्या शहरात दिसायला लागल्या तसे त्या कामाकडे वळले. गोविंदभाऊ एसीवाले म्हटलं की रिक्षावाला विचारत नसे कुठे जायचं ते. मी त्यांची एकुलती एक मुलगी, कुंदा. मी लहानाची मोठी झाले ती एसीच्या आवाजांत. एसी सुरू केला की कॉम्प्रेसर पकडतो तेव्हा टक् असा आवाज होतो, मग इंजिन जरा दबून चालतं. तो टक् उशिरा आला किंवा सारखा सारखा यायला लागला की आई चुलीपाशी बसून सांगायची, "याचं काही खरं नाही." तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती चुकल्याचं मला आठवत नाही.

मी बारावीत असताना बाबांच्या हातात गॅसचा पाइप फुटला. गॅस म्हटलं की लोकांना जाळ आठवतो, पण हा गॅस बाहेर येताना बर्फापेक्षा थंड असतो आणि भाजतोही तसाच. त्यांच्या उजव्या हाताची बोटं आधी पांढरी पडली, मग फोड आले, मग कातडी गेली आणि नवी आली. दिसायला हात पहिल्यासारखा झाला, पण बोटांची जाणीव परत आलीच नाही. मोठा पाना त्यांना पकडता यायचा. बारीक स्क्रू आणि पाइपाचे नट हाताला लागतच नसत. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही. मला म्हणाले, "कुंदे, जरा टॉर्च धर." मी धरली. स्क्रू पुन्हा पुन्हा त्यांच्या हातून निसटायला लागला तेव्हा मी तो उचलला आणि बसवला. त्यांनी माझ्या हातातली टॉर्च काढून घेतली आणि उजेड पाडला. आमच्यात या विषयावर झालेलं संभाषण एवढंच.

त्यानंतर सगळं काम मी केलं आणि टॉर्च त्यांनी धरली. पण हे फक्त ताडपत्रीच्या आत. बाहेर बाकड्यावर जी गोष्ट सांगितली जायची ती उलटी होती. गोविंदभाऊ काम करतात आणि पोरगी टॉर्च धरते. कोणी ताडपत्री सारून डोकावलंच तर बाबा खाकरायचे, मी पाना खाली ठेवून टॉर्च हातात घ्यायची, आणि तो माणूस म्हणायचा, "वा, बापाले मदत करून राहिली का?" मी मान हलवायची. माझ्या कोपरापर्यंत काळं माखलेलं असायचं आणि बाबांच्या बाह्यांची इस्त्रीसुद्धा मोडलेली नसायची, तरी कोणाला शंका आली नाही. माणसांना जे पाहायचं असतं तेच ती पाहतात, हे मी त्या वयात शिकले आणि त्याचा मला राग आला. अजूनही येतो. आज मनीषनगरच्या माझ्या गॅरेजात मी गुडघेदुखी सांभाळत स्टुलावर बसलेली असते, भिंतीवर माझ्या नावाची पाटी असते, आणि तरी महिन्याकाठी कोणीतरी येऊन विचारतंच की साहेब कुठे गेलेत.

बाबा दुष्ट नव्हते. त्यांना भीती वाटत होती. आपली बोटं गेली हे कळलं तर गिऱ्हाईक तुटेल, ही एक भीती. आणि मुलगी गाड्यांखाली लोळते असं नाव झालं तर तिला कोणी करून घेणार नाही, ही दुसरी. दोन्ही भीती खऱ्या होत्या, पण दोन्हींचं ओझं माझ्या डोक्यावर टाकून ते मोकळे झाले होते. मी कॉलेजात होते, लोकांसाठी मी बी.एस्सी. करणारी शांत मुलगी होते. आतली सगळी हुशारी आत, आणि तिला बाहेर यायची परवानगी नव्हती. मला बाहेर यायचं होतं. मी केलेलं काम माझं म्हणावं एवढीच माझी मागणी होती, आणि ती फार मोठी आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही.

आमच्या घरात मात्र एसी नव्हता. लोकांच्या गाड्यांत थंडी भरणाऱ्या माणसाच्या घरी कूलर, तोही खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर ठेवलेला, गंजका. मार्चमध्ये त्याच्या जुन्या ताट्या काढून नव्या वाळ्याच्या ताट्या बसवायच्या, पहिल्यांदा पाणी सोडायचं, आणि मग त्या ओल्या मुळ्यांचा वास घरभर पसरायचा. नागपूरच्या माणसाला तो वास आला की उन्हाळा सोसवतो. आमच्या पाण्यात क्षार फार. मे महिना निम्मा होईपर्यंत ताट्यांवर पांढरा थर चढायचा, हवा जाईनाशी व्हायची, आणि पंख्याचा आवाज बदलायचा. हवा ढकलायला मिळाली नाही की पंखा हलका होतो, मोकळा सुटल्यासारखा पळतो आणि उंच सुरात ओरडतो. वारा कमी आणि आवाज जास्त. आई म्हणायची, "कूलर कोकलून राहिला वं," की मी ब्रश घेऊन ताट्या घासायला जायची. हा आवाज मी पाठ केला नव्हता, तो आपोआप कानात जाऊन बसला होता.

अशाच एका नवतप्यात वासुदेवराव आले. नवतपा म्हणजे मेअखेरचे ते नऊ दिवस, जेव्हा आमच्याकडे दुपारी कावळासुद्धा बोलत नाही. वासुदेवरावांचं इतवारीत कूलरच्या सामानाचं मोठं दुकान होतं. वाळा, ताट्या, पंप, टाक्या. स्वतः कूलरचे व्यापारी, पण आदल्या उन्हाळ्यात त्यांच्या बायकोला, सुमनकाकूंना, लू लागली आणि त्या मरता मरता वाचल्या, तेव्हा त्यांनी नाक मुरडत का होईना एसीची गाडी घेतली. लेकीचं बाळंतपण चंद्रपूरला होतं आणि काकूंना दुसऱ्या दिवशी तिकडे जायचं होतं. गाडी आधी दोनदा येऊन गेली होती. दोन्ही वेळा बाबांनी गॅसचा दाब दाखवणारं गेज लावून पाहिलं, गॅस कमी आहे म्हणाले, मला भरायला सांगितला. मी भरला. गळती शोधायला सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावून पाहिला, एक बुडबुडा आला नाही. मी तसं म्हटलं तर बाबा म्हणाले, "बारीक गळती असन." आणि गाडी तिसऱ्यांदा दारात.

"गोविंदभौ," वासुदेवराव डोक्याचा दुपट्टा सोडत म्हणाले, "घरून निघतो तेव्हा काश्मीर असते न् अजनीच्या पुलावर येईस्तोवर चंद्रपूर होते. थोडा वेळ उभी ठेवली का पुन्हा काश्मीर. हे काय लफडं हाय? आता मी इथून हलत नाही. ते ताडपत्री वर करा. काय करता ते मले पाहू द्या."

बाबांना नाही म्हणता येईना. ताडपत्री वर गेली आणि आमची आतली जागा रस्त्यावरच्या सगळ्यांना दिसायला लागली. सुमनकाकू मागच्या सीटवर डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसल्या होत्या, उतरायलाही तयार नव्हत्या. बाबांनी डाव्या हातानं गेज जोडलं. मी शहाण्या मुलीसारखी टॉर्च धरली. गाडी चालू केली, एसी लावला. सुरुवातीला गार हवा आली. मग हळूहळू वारा कमी होत गेला आणि गेजचा एक काटा खाली घसरला. बाबांनी वासुदेवरावांना काटा दाखवला. "हे पाहा. गॅस कमी."

मी काट्याकडे पाहत नव्हते. डॅशबोर्डच्या आतला पंखा कोकलत होता. अगदी आमच्या कूलरसारखा, क्षारांनी भरलेल्या ताट्यांमागे ओरडतो तसा. आणि मला एकदम कळलं की आपण दोन वेळा चुकीच्या रोगाचं औषध दिलं. आता बोलावं तर बापाला चारचौघांत खोटं पाडल्यासारखं होणार होतं, आणि न बोलावं तर गाडी चौथ्यांदाही येणार होती.

"बाबा, गॅस नाही गेला," मी म्हटलं.

"तू टॉर्च धर."

"हवाच नाही येऊन राहिली. पंखा इतका ओरडते न् वारा पाहा किती. आत हवा थंड करणारी कॉइल असते ना, तिचं तोंड बुजलं हाय कशानं तरी."

"मग काटा खोटा बोलून राहिला का?"

"काटा खरा हाय. गॅस कमी झाला तरी तो पडते, न् कॉइलले हवा नाही भेटली तरी पडते. हवा नाही तर कॉइलवर बर्फ जमते, मग हवा आखीन बंद. गाडी उभी ठेवली का बर्फ वितळते न् पुन्हा काश्मीर."

वासुदेवराव माझ्याकडे न पाहता बाबांना म्हणाले, "पोट्टी काय सांगून राहिली, भौ?"

"काही नाही. लहान हाय," बाबा म्हणाले. आणि मग त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी गेज काढलं, पाइप गुंडाळले आणि शांतपणे सांगितलं, "साहेब, तुम्ही गाडी कंपनीच्या वर्कशॉपात न्या. आमच्यानं होणार नाही."

त्यांना माझं म्हणणं पटलं होतं. त्यांचा चेहरा मला वाचता येत होता. पण आत पाहायचं तर डॅशबोर्डखाली शिरून बारीक स्क्रू काढावे लागणार होते, ते त्यांच्या बोटांना जमणार नव्हतं, आणि लोकांसमोर ते मला करू देणार नव्हते. स्वतःचं नाव गेलं तरी चालेल, ही बाई उद्या उन्हात चंद्रपूरला गेली तरी चालेल, पण माझ्या हातात पाना दिसता कामा नये. इतकी लाज वाटण्यासारखं माझ्यात काय होतं? मला इतका संताप आला की कानांत गरम झालं. मी टॉर्च त्यांच्या हातात दिली, त्यांच्या खिशातला पेचकस काढून घेतला, डाव्या बाजूचं दार उघडलं आणि पाठीवर झोपून डॅशबोर्डखाली शिरले.

"अहो, हे पोट्टी कुठं घुसून राहिली?" वासुदेवरावांचा आवाज आला. "पोरीच्या हाती गाडी नाही द्यायची मले."

मागच्या सीटवरून सुमनकाकू बोलल्या. त्या दिवशीचं त्यांचं हे पहिलंच वाक्य. "घुसू द्या तिले. गड्यामाणसानं दोनदा गॅस भरला न् मी दोनदा उकडून निघाली. आता जे होईन ते होईन."

माझं डोकं डॅशबोर्डखाली, कंबर दाराच्या उंबऱ्यावर आणि सलवारीतले पाय दाराबाहेर, सक्करदऱ्याच्या भर रस्त्याकडे. पाय ओढून घ्यावेत असं क्षणभर वाटलं. नाही ओढले. गाडीखाली, गाडीत, गाडीवर काम करणाऱ्या प्रत्येक पुरुषाचे पाय बाहेर असतात आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही. पुढचा कप्पा काढला, वायर सोडवली, स्क्रू एकेक करून फिरवले. उजेड मिळत नव्हता. "बाबा, टॉर्च," मी म्हटलं. मध्ये जरा वेळ गेला आणि मग उजेड आला, अगदी जिथे हवा होता तिथे. टॉर्च धरण्यात बाबांचा हात कोणी धरू शकत नव्हतं, हे मी आजही मान्य करते.

पंखा बाहेर काढला आणि त्यामागच्या पोकळीत हात घातला. जिथे कॉइलच्या बारीक पत्र्या लागायला हव्यात तिथे हाताला ओली घोंगडी लागली. मी मूठभर ओढलं आणि ते सगळं माझ्या तोंडावर पडलं. माती, चिखल आणि तपकिरी मुळ्या. मुळ्यांचा वास आल्यावर मला हसूच फुटलं. वाळा. गाडीच्या पोटात वाळा भरलेला होता.

मी बाहेर येऊन हात पुढे केला. वासुदेवरावांनी एक मुळी उचलली, नाकाशी नेली, बोटांत चुरली आणि गंभीरपणे म्हणाले, "हा तर आपलाच माल हाय."

मग त्यांच्या तोंडून सगळं बाहेर आलं. एसीच्या हवेला वास नसतो, ती कोरडी हवा काकूंना मानवत नव्हती, त्यांना मळमळायचं. म्हणून वासुदेवराव पुढच्या काचेखाली जी जाळी असते, जिथून बाहेरची हवा आत जाते, तिच्यात दुकानातला उत्तम वाळा कोंबायचे. वर रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतायचे. शिवाय मागची काच नेहमी चार बोटं उघडी ठेवायचे, कारण कूलर लावला की खिडकी उघडी ठेवावी लागते, हवा निघाली नाही तर कोंदट होतं, हे आमच्या शहरात शेंबड्या पोराला ठाऊक असतं. त्यांनी गाडीचा चक्क कूलर केला होता. मुळ्या सुकल्या, तुटल्या, पंख्यानं आत ओढल्या, धुळीला चिकटल्या आणि कॉइलवर जाऊन बसल्या. गाडीत काही टाकलं का, असं आम्ही आधीच्या खेपेला विचारलं होतं तेव्हा त्यांनी नाही म्हटलं होतं, आणि ते खोटं बोलले नव्हते. वाळा घालणं हे काही टाकण्यात धरायचं असतं, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"कूलरमध्ये चालते तर इथं काहून नाही चालत?" त्यांनी मलाच विचारलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला.

"कूलर बाहेरची हवा ओली करते. हा आतल्याच हवेतलं पाणी काढून घेते. दोघांचं उलटं हाय. काच बंद ठेवा न् हे बटन आतल्या हवेवर ठेवा. काकूंले वाळा पाहिजे तर रुमालात बांधून समोर ठेवा."

कॉइल साफ करायला बराच वेळ लागला. पत्र्या वाकू नयेत म्हणून मऊ ब्रशनं हळूहळू मुळ्या काढल्या. आपण घातलेला जास्तीचा गॅस कमी केला. सगळं परत जोडून एसी लावला तेव्हा पंख्याचा आवाज भरदार, खाली उतरलेला होता आणि वाऱ्यानं सुमनकाकूंचा पदर उडाला. त्यांनी डोक्यावरचा टॉवेल काढला, डोळे मिटून जरा वेळ बसल्या आणि मग म्हणाल्या, "नाव काय वं तुझं?" मी सांगितलं. "कुंदा," त्या पुन्हा म्हणाल्या.

आणि तेवढ्यात वासुदेवरावांनी बाबांचे दोन्ही हात हातात घेतले. "गोविंदभौ, मानलं तुम्हाले. असा हात नागपुरात नाही." मला वाटलं, बाबा आता काहीतरी म्हणतील. बाबा हसले. हात जोडले. गाडी गेली. माझ्या केसांत मुळ्या होत्या, तोंड चिखलानं भरलं होतं, आणि ज्यानं हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तोच माणूस शाबासकी दुसऱ्याला देऊन निघून गेला होता.

संध्याकाळी आईनं पातोडीचा रस्सा केला होता, मला आवडतो म्हणून. मी जेवले नाही. बाबा म्हणाले, "झालं ना काम? नाव कोणाचं का असेना. घर तर एकच हाय."

"घर एकच हाय तर माह्या नावानं चालू द्या."

"लोक काय म्हणतीन, कुंदे? टॉर्च धरते म्हणतात तेच बरं हाय तुह्यासाठी."

"ठीक हाय," मी म्हटलं. "उद्यापासून टॉर्चच धरीन. पान्याले हात नाही लावत."

बाबांना वाटलं, पोरगी रागात बोलते, सकाळी विसरेल. आईनं माझ्या ताटावर झाकण ठेवलं आणि त्यांना एवढंच विचारलं, "तिच्या हाती पाना देतानी लाज नाही वाटली, मग आता काहून वाटून राहिली?" बाबा हात धुवायला उठले.

मी विसरले नाही. दुसऱ्या दिवशी ताडपत्रीच्या आत मी टॉर्च धरून उभी राहिले आणि फक्त टॉर्च धरली. बाबांनी पाना माझ्यापुढे केला, मी घेतला नाही. मग ते स्वतः वाकले. नट त्यांच्या बोटांतून निसटून गाडीच्या पोटात कुठेतरी गेला. मी उजेड पाडला, ते शोधत राहिले. उन्हाळ्याचा ऐन हंगाम, बाकड्यावर माणसं दाटीवाटीनं बसलेली, आणि आत एक साधा पाइप बदलायला अर्धा दिवस. असे कितीतरी दिवस गेले. त्यांच्या कपाळावरून घाम टपकायचा आणि मी तोसुद्धा पुसायला गेले नाही. कोणी म्हणेल, आजारी बापाशी कोणी असं वागतं का. मी वागले, आणि आज पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा वागेन. मला त्यांची दया येत होती, रोज येत होती. पण ती दाखवली असती तर मी जन्मभर त्या ताडपत्रीच्या आत राहिले असते.

मग एका दुपारी वासुदेवराव पुन्हा आले. त्यांची गाडी उत्तम चालत होती, पण आता त्यांनी वर्ध्याहून आलेल्या आपल्या साळ्याला आणि त्याच्या गाडीला सोबत आणलं होतं. आम्ही आत दुसऱ्याच एका गाडीवर होतो. बाबा पाइपाचा नट बसवायचा प्रयत्न करत होते. तो तिरपा बसला तर आटे खराब होऊन महागाचा भाग वाया जाणार होता, आणि तो तिरपाच बसत होता. बाहेरून वासुदेवरावांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. "हे गोविंदभौ म्हणजे काय समजता तुम्ही? स्वतः आत शिरले, पाठीवर झोपले न् मुळ्या काढल्या माह्या गाडीतून. मी इथंच उभा होतो ना, माह्या डोळ्यांनं पाहिलं."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसंच आठवत होतं. मी बाबांकडे पाहिलं. बाबा ऐकत होते, नट हातात तसाच. मग त्यांनी पाना माझ्यासमोर धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "घे वं, कुंदे."

"बाहेर सांगा," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"कोण करते ते."

त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी नजर खाली केली नाही. मग त्यांनी फडक्याला हात पुसले, ताडपत्री बाजूला केली आणि बाहेर गेले. मी त्यांच्यामागे उभी राहिले.

"वासुदेवराव," ते म्हणाले, "तुमच्या गाडीतल्या मुळ्या मी नाही काढल्या. हिनं काढल्या. माही बोटं कामातून गेली, गॅसचा पाइप हातात फुटला होता तेव्हाच. तेव्हापासून इथली हर एक गाडी हीच करून राहिली. टॉर्च मी धरतो."

वासुदेवराव आठवण्याचा प्रयत्न करत असावेत, त्यांचं तोंड जरा उघडं राहिलं. त्यांच्या साळ्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग आपल्या गाडीकडे पाहिलं. "मग जरा विचार करतो आम्ही," तो म्हणाला, "एवढी नवी गाडी हाय..."

"घेऊन जा," बाबा म्हणाले.

त्यानं खरंच नेली. वळवायला त्याला बरीच कसरत करावी लागली आणि तेवढा वेळ बाबा हलले नाहीत, त्याला परतही बोलावलं नाही. बाकड्यावरून आणखी एक जण उठून गेला. गाडीची धूळ खाली बसल्यावर बाबा उरलेल्यांकडे वळले.

"पुढची गाडी कोणाची हाय?" त्यांनी विचारलं. "काय होते ते हिले सांगा. मले नका सांगू."

मग एका म्हाताऱ्या माणसानं हात वर केला आणि माझ्याकडे बघत सांगायला सुरुवात केली की, बाई, माझी गाडी सकाळी ठीक असते पण दुपारी आतून गरम वाफा मारते. तो बोलत असताना बाबा माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. मी त्याला म्हटलं, "बॉनेट उघडा."